खिडकी बदलायलासुद्धा?

“खिडकी बदलायलासुद्धा परवानगी लागते?” मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच. विचारणारा बहुधा चिडलेला असतो, आणि त्याचं चिडणं मला कळतं. घर त्याचं, पाऊस त्याच्या गादीवर येतो, सुतार उद्यापासून मोकळा आहे. आणि जुन्या इमारतींच्या डागडुजीची कामं करणारी आर्किटेक्ट त्याला सांगते आहे की थांबा, आधी मोजमापं घेऊ, फोटो काढू, अर्ज करू.

हेरिटेजचं काम करते म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर घुमट आणि राजवाडे येतात. तशी कामं माझ्या वाट्याला थोडी आली. फायली आल्या त्या खिडकीच्या, दुकानाच्या पाटीच्या, न्हाणीघरातल्या फरशीच्या, गळक्या कौलांच्या, एसीच्या, म्हाताऱ्या आईसाठी बसवायच्या कमोडच्या. मला हीच कामं जास्त महत्त्वाची वाटत आली आहेत. मी पाहिलेल्या जुन्या इमारतींपैकी फार थोड्या एका फटक्यात पाडल्या गेल्या. बाकीच्या खिडकीखिडकीने गेल्या. एका मजल्यावर ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसल्या, दुसऱ्यावर गॅलरी बंद करून खोली वाढवली, तळमजल्याच्या दुकानाने कमानीवर पाटी ठोकली, आणि पुढे कधीतरी एखाद्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, आता हिच्यात जपण्यासारखं उरलंय काय?

मुंबईत वारसा इमारतींसाठीचे नियम १९९५ साली विकास नियंत्रण नियमावलीत आले. २०३४ च्या विकास आराखड्याबरोबर नवी नियमावली आली, तीत ते ५२ व्या नियमात आहेत. वारसा यादीतल्या इमारतींना प्रतवारी आहे. ग्रेड वनच्या इमारतीला आतून-बाहेरून हात लावायचा तो तिला बळकटी देण्यापुरता आणि तिचं आयुष्य वाढवण्यापुरताच. टू-एमध्ये आतले बदल बहुतांशी चालतात, बाहेरच्या बदलांची छाननी होते. टू-बीमध्ये त्याच आवारात, मूळ इमारतीशी मेळ खाईल अशी भर घालायलाही काही परिस्थितीत वाव आहे. ग्रेड थ्रीमध्ये आणखी मोकळीक. परवानगी देतात महापालिका आयुक्त, साधारणपणे हेरिटेज कमिटीशी सल्लामसलत करून.

घोटाळा होतो तो दुसऱ्याच एका कायद्यापाशी. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ मधल्या ३४२ व्या कलमात राहत्या घराच्या साध्या दुरुस्त्यांना सूट दिली आहे. गिलावा, रंग, दरजा भरणं, फरशी बदलणं, संडास-न्हाणीघराची दुरुस्ती, नळ-पाइप, विजेची जोडणी, त्याच प्रकारच्या सामानाने छप्पर दुरुस्त करणं, एवढ्यासाठी परवानगी मागावी लागत नाही. लांबी-रुंदी-उंची बदलली, भार घेणारी भिंत किंवा खांब काढला, पोटमाळा वाढवला, उतरतं छप्पर सपाट केलं, तर मात्र सूट संपली. प्रत्येक कंत्राटदाराला हे कलम तोंडपाठ असतं. साध्या इमारतीपुरतं त्याचं म्हणणं बरोबरही असतं. पण यादीतल्या इमारतीसाठी १९९५ च्या नियमाने दुरुस्ती, नूतनीकरण, गिलावा, इमारतीची खास अंगं बदलणं आणि रंगकामसुद्धा पूर्वपरवानगीच्या कक्षेत घेतलं. एका कायद्याने मोकळं सोडलेलं काम दुसऱ्याने बांधून ठेवलं आहे. घरात राहणाऱ्याला यातलं काहीच माहीत नसतं. आपली इमारत यादीत आहे हेही त्याला कित्येकदा काम अडवल्यावरच कळतं.

रंगालाही परवानगी, हे ऐकून लोक हसतात. मी त्यांना गिरगावातल्या एका घराची गोष्ट सांगते. तीन मजली घर, सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, मधे विटा, वर चुन्याचा गिलावा. भाडेकरूंनी वर्गणी काढली होती आणि त्यांना फक्त बाहेरून रंग द्यायचा होता. अर्जासाठी फोटो हवेत म्हणून मी गेले. तळमजल्यावर कंबरेएवढ्या उंचीपर्यंत भिंत ओली होती. त्याच्या वर सुकी, आणि आणखी वर पुन्हा ओल. पूर्वी कधीतरी ओल येते म्हणून कुणीतरी खालचा चुना खरवडून तिथे सिमेंटचा गिलावा केला होता. काम साधं, एका आठवड्यात उरकलेलं.

चुन्याच्या भिंतीत पाणी शिरतं आणि बाहेरही पडतं. मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तो थोडाफार भिंतीत मुरणारच. पाऊस सरला की चुना ते पाणी वाफेच्या रूपाने सोडून देतो. सिमेंट त्याला बाहेरची वाट देत नाही. मग पाणी वर चढतं, नाहीतर आत जातं, आणि आत होता सागवानी खांब. आम्ही सिमेंटचा पापुद्रा हातोडीने उडवला तेव्हा त्या खांबाचं खालचं टोक बोटाने कुरतडता येत होतं. नुसता वरून प्लास्टिक पेंट मारला असता तर आणखी एक दार बंद झालं असतं. रंगाच्या अर्जामुळे तो खांब सापडला.

मग चुना शोधण्याची पायपीट. पोत्यातला कोरडा चुना सगळीकडे मिळतो. पण विझवून, पाण्याखाली मुरवलेला चुना हवा असेल तर आधीपासून ठरवून ठेवावं लागतं. आपल्याकडे गडांवर चुन्याच्या घाण्याचं दगडी चाक पाहायला मिळतं, गोल चरात बैलाने फिरवायचं. चुना मळायला इतकी मेहनत का घेत असत ते गिलावा करून पाहिल्यावर समजतं. आमच्या गवंड्याने गुळाचं पाणी आणि हिरड्याचा काढा घातला, थर पातळ ठेवले, आणि प्रत्येक थर सुकायला वेळ मागितला. भाडेकरू वैतागले. सिमेंट दोन दिवसांत झालं असतं. वैतागलेल्या माणसांना समजावणं हा या कामाचा निम्मा भाग आहे, आणि कुठल्याही शाळेत तो शिकवत नाहीत.

खिडकीचंही तसंच. मरीन ड्राइव्ह परिसरातली, १९३० च्या दशकातली एक इमारत. २०१८ साली मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या होत्या. त्या इमारतीत एकट्या राहणाऱ्या एका काकूंच्या घरातल्या पोलादी खिडक्या मात्र गंजून फुगल्या होत्या. गंज चढला की पोलाद फुगतं आणि बाजूच्या काँक्रीटला तडे देतं. त्यांना सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या हव्या होत्या. मी समितीच्या अपेक्षा सांगितल्या तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, समुद्राचं वारं तुझ्या कमिटीला लागत नाही. मला लागतं.”

या वाक्याला उत्तर नियमातून देता येत नाही. मी दुसऱ्या दिवशी लोहाराला घेऊन गेले. आम्ही एकेक पल्ला उघडून पाहिला. गंज सगळीकडे नव्हता. खालच्या आडव्या पट्टीत होता, जिथे पाणी साचतं, आणि बिजागऱ्यांपाशी. वरचा भाग, झरोक्याचे छोटे पल्ले, उभ्या पट्ट्या शाबूत होत्या. मी काकूंना एकच गोष्ट दाखवली. दोन पल्ल्यांची सरकती खिडकी निम्मीच उघडते. त्यांची खिडकी बाहेरच्या बाजूला पूर्ण उघडत होती. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी त्या जिथे बसायच्या तिथे निम्मं वारं कमी झालं असतं. खराब पट्ट्या कापून नव्या जोडल्या, खरवडून जस्ताचा प्रायमर दिला, लांबी नव्याने भरली, फटींना रबर लावलं. रस्त्यावरून पाहणाऱ्याला त्या इमारतीच्या दर्शनी भागावर धावणाऱ्या आडव्या रेषा दिसतात. त्या रेषा खिडकीच्या याच बारीक पट्ट्यांनी पुढे चालू ठेवलेल्या असतात. जाड उभ्या चौकटीची एक खिडकी मधे आली की रेष तुटते. काकूंना रेषेचं काही पडलेलं नव्हतं. पडावं अशी अपेक्षाही मी करणार नाही. त्यांना कोरडी गादी आणि वारं हवं होतं, आणि ते जुन्या खिडकीतूनच मिळत होतं. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा असंच निघतं. राहणाऱ्याची सोय आणि इमारतीचं हित यांत पुष्कळदा भांडण नसतंच. ते लागतं घाई आणि कंत्राटदाराची सवय यांच्यामुळे.

खर्चाचं मात्र नाकारून चालणार नाही. दुरुस्ती स्वस्त पडेल असं मी कुणाला सांगत नाही. कधी पडते, कधी नाही. १९९५ च्या नियमातच दुरुस्तीला पैशाची मदत व्हावी म्हणून वेगळा निधी उभारता येईल आणि आयुक्त समितीच्या सल्ल्याने तो वाटतील, अशी सोय लिहिली आहे. माझ्याकडे आलेल्या एकाही घरमालकाच्या किंवा भाडेकरूच्या हातात असा पैसा पडलेला मी पाहिला नाही. पागडीच्या इमारतीत महिन्याचं भाडं दोन वडापावांच्या किमतीइतकं असतं. त्यात मालकाला दुरुस्ती परवडत नाही आणि भाडेकरूला ती आपली वाटत नाही. अशा ठिकाणी सागवानी झडपाच लावा असा आग्रह धरायचा आणि पैशाबद्दल गप्प बसायचं, हे मला अन्यायाचं वाटतं, आणि मी ते समितीपुढेही बोलले आहे.

पुण्याचा अनुभव वेगळा आहे. तिथे वाड्यांच्या मालकांना महापालिकेच्या यादीपेक्षा जास्त धास्ती असते ती केंद्राच्या कायद्याची. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली आणि संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाची बंदी कायद्यातच आली, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीने करता येतं. शनिवारवाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांतून हे १०० मीटर भूतासारखे फिरत असतात. काहीच करता येत नाही, अशी ठाम समजूत. कसब्यातल्या एका वाड्यात आजोबा मला म्हणाले, “वीटसुद्धा हलवता येत नाही आम्हाला.” म्हणून त्यांनी पन्हळही हलवली नव्हती. ती फुटून वर्षानुवर्षं पाणी भिंतीत जात होतं आणि भिंतीत शिरलेलं तुळईचं टोक कुजत होतं. वर कडीपाट, त्यावर मातीचा थर, त्यावर संसार.

कायदा तसं म्हणत नाही. १६ जून १९९२ च्या आधीपासून उभ्या असलेल्या इमारतीच्या मालकाला त्या १०० मीटरच्या आतही दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो. पाडून पुन्हा बांधणं मात्र दुरुस्तीत धरलं जात नाही. मुदतीही लिहिलेल्या आहेत. सक्षम अधिकाऱ्याने १५ दिवसांत अर्ज राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत आपलं म्हणणं कळवायचं, त्यानंतर महिन्याभरात निर्णय. मी आजोबांना हे वाचून दाखवलं तेव्हा त्यांचा विश्वास बसला नाही. पेठेत कुणीही त्यांना असं सांगितलं नव्हतं. एका बिल्डरच्या माणसाने मात्र “पडू द्या, मग बघू” असं सांगून ठेवलं होतं.

आमचा वेळ खाल्ला तो मिळकत पत्रिकेने. तिच्यावर वीसेक नावं. त्यांतली काही माणसं कधीच वारलेली, वारसांची नोंद नाही, एक पुतण्या परदेशात, दोन घरांत बोलणं बंद. अर्जावर सगळ्यांच्या संमतीची सही हवी. जुन्या घराची दुरुस्ती कायद्याच्या पुस्तकात सुरू होत नाही, ती भाऊबंदकीत सुरू होते, हे मला त्या वाड्याने शिकवलं. मी आर्किटेक्ट म्हणून गेले होते आणि संध्याकाळी आजोबांच्या चुलत भावाच्या ओसरीवर बसून चहा पीत होते, कारण सही मागायला आजोबा स्वतः जाणार नव्हते. नकाशे व्हायला लागला त्यापेक्षा कितीतरी जास्त काळ सह्यांना लागला. आणि तेवढ्यात एक पावसाळा गेला. आम्ही टेकू देऊन ठेवले होते म्हणून निभावलं.

इंजिनिअरने आधी लोखंडी गर्डर सुचवला होता. तोही चुकीचा नव्हता. पण कडीपाटाखालची एकच तुळई बदलायची म्हणजे सगळा कडीपाट उतरवावा लागला असता, आणि उतरवलेला कडीपाट जसाच्या तसा परत चढत नाही. भोरकडच्या एका सुताराने सुचवलं की कुजलेलं टोक तेवढं कापू आणि तिथे नवं सागवान तिरक्या सांध्याने जोडू. इंजिनिअरने हिशेब करून पाहिला, सांध्याला पोलादी पट्ट्यांचा आधार दिला, आणि तुळई जागच्या जागी राहिली. नवं लाकूड आम्ही रंगवून जुन्यासारखं केलं नाही. १९६४ च्या व्हेनिस सनदेपासून आमच्या क्षेत्रात हा संकेत आहे की नवी भर मेळ खावी, पण ती नवी आहे हे ओळखूही यावं. आजोबांना ते आवडलं नाही. “ठिगळ दिसतंय,” म्हणाले. मी तेलपाणी करून थोडं काळवंडू दिलं. सनद पाळणं महत्त्वाचं, पण रोज त्या तुळईखाली जेवायला बसतात ते आजोबा.

बदल उलटा फिरवता येतो का, हा प्रश्न मी आता सगळ्यात आधी विचारते. तो कळायला मला एका जुन्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांनी मदत केली. व्हीलचेअरवरून येणाऱ्या एका वाचकाला दोन माणसं उचलून आत नेत असत. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आला होता, संस्थेला उतार हवा होता, आणि दगडी पायऱ्यांना भोक पाडायचं नव्हतं. आम्ही पोलादी चौकटीवर लाकडी फळ्यांचा उतार केला. त्याचं वजनच त्याला धरून ठेवतं, खाली रबराच्या चकत्या, कठडा त्याच्याच चौकटीला. उद्या काढला तर दगडावर ओरखडाही राहणार नाही. छाननीत सूचना आली की उतार मागच्या दाराला न्यावा, म्हणजे दर्शनी बाजू तशीच राहील. तो वाचक म्हणाला, “सगळे पुढून येतात, मी का मागून?” मी हेच वाक्य जसंच्या तसं मांडलं. चर्चा झाली, आणि पुढच्या दाराला मंजुरी मिळाली. छाननी करणाऱ्यांनी एक गोष्ट चांगली सुचवली, कठड्याची उंची आणि पट्ट्यांची ठेवण पायऱ्यांच्या जुन्या कठड्याशी जुळवण्याची. उतार त्यामुळे देखणा झाला. छाननी म्हणजे फक्त अडवणूक असं जे मानतात त्यांना मी तो उतार दाखवते.

अडवणूक होतही नाही असं नाही. एका शहरातल्या एका कचेरीत माझा कौलं शाकारण्याचा अर्ज पावसाच्या तोंडावर गेला आणि दिवाळीनंतर परत आला, “स्थळदर्शक नकाशा जोडावा” एवढ्या शेऱ्यासह. तोवर घरमालकाने निळी ताडपत्री आणि तिच्यावर पत्रे घातले होते. माझं ठाम मत आहे की जसंच्या तसं बदलण्याचं काम, कौलाच्या जागी कौल, चुन्याच्या जागी चुना, फुटल्या काचेच्या जागी काच, हे एका पानाच्या अर्जावर आणि फोटोंवर आठवड्याभरात सुटायला हवं. समितीचा वेळ लिफ्टसाठी, वाढीव मजल्यासाठी, गॅलरी बंद करण्यासाठी राखून ठेवावा. सगळ्याला एकच लांब रांग लावली की लोक रविवारी सकाळी सुतार बोलावतात. सोमवारी खिडकी गेलेली असते, जुनी भंगारवाल्याकडे.

आधी नमुना हातात दिला की लोक नियम पाळतात, हे फोर्टमध्ये दादाभाई नौरोजी रोडने दाखवलं आहे. तिथल्या इमारतींच्या तळाशी पादचाऱ्यांसाठी सलग कमानी आहेत, आणि एके काळी दुकानांच्या पाट्यांनी त्या झाकून टाकल्या होत्या. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पाट्या कमानीच्या आत, ठरावीक मापात कशा बसतील याची चित्रं तयार झाली, दुकानदारांना ती समजावून देण्यात आली, आणि पुष्कळांनी आपल्या खर्चाने पाट्या बदलल्या. आज तिथून चालताना सगळंच नीट आहे असं नाही. पण मान वर केली की कमान दिसते.

त्यावरूनच सध्या आमचं एक काम चाललं आहे. मी, दोन सुतार, एक लोहार आणि दोन विद्यार्थिनी मिळून मुंबईच्या जुन्या घरांतल्या नेहमीच्या खिडक्यांचे पूर्ण मापाचे तपशील काढतो आहोत. कुठली पट्टी केवढी, पाणी कुठून शिरतं, कुठला भाग बदलता येतो, एसीचा पाइप कुठून न्यावा. कुणालाही ते अर्जाला जोडता यावेत आणि सुताराला वाचता यावेत. पोलादी खिडकी झाली, लाकडी पट्ट्यांच्या झडपांची झाली. वर रंगीत काच असलेल्या सागवानी खिडकीचं काम अडलं आहे. तिच्या पितळी बिजागऱ्या बाजारात मिळत नाहीत. भुलेश्वरला एक ओतारी सापडला आहे, साचा करून देतो म्हणतो, पण निदान शंभर नग घ्यावे लागतील. शंभर बिजागऱ्या लागतील एवढ्या खिडक्या कुणाकुणाच्या घरात उरल्या आहेत, त्याची यादी आम्ही करतो आहोत.